मखरवाल्यानं बांधलेली मोरी

या देशात घरी बसून टीव्ही बघायचा असेल तर लायसन्स लागतं. नदीवर गळ टाकून मासे धरायचे असले तरी लागतं. दुसऱ्याच्या घराची भिंत पाडायला मात्र काहीही लागत नाही. व्हॅनवर ‘बिल्डर’ असं रंगवून घेतलं की झाला माणूस बिल्डर. गॅसच्या पाइपला हात लावणाऱ्याकडे कार्ड असावं लागतं, पण त्या पाइपभोवतीचं अख्खं घर उलटंपालटं करणाऱ्याला कोणी विचारत नाही की बाबा रे, तू हे शिकलास कुठे? मी हे लीड्समधल्या आईच्या घरात शिकले. ज्याच्यामुळे शिकले त्याला मी माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही.

आई जिन्यावरून पडली ती जून महिन्यात. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण हॉस्पिटलनं स्वच्छ सांगितलं की जिना आता विसरा. तिकडची एक बाई घर बघायला आली, टेपनं दारं मोजून गेली. खाली झोपायची खोली आणि खालीच बाथरूम झालं तर आईला घरी पाठवू, तोवर केअर होम, असा निकाल लागला. आईचं घर जुनं सेमी, म्हणजे एका बाजूनं शेजाऱ्याच्या घराला चिकटलेलं. खाली समोर बैठकीची खोली, मागे डायनिंग रूम आणि किचन, बाथरूम वर. म्हणजे डायनिंग रूमची बेडरूम करायची आणि किचनचा एक तुकडा तोडून त्यात वेट रूम बसवायची. वेट रूम म्हणजे आपली मोरीच की. उंबरठा नाही, टब नाही, जमिनीला उतार आणि कोपऱ्यात जाळी. चाकाची खुर्ची सरळ आत जाते.

माझी आई आयुष्यात कधी पारोशी राहिलेली नाही. तिनं इथल्या हॉस्पिटलात नर्स म्हणून आयुष्य काढलं. रात्रपाळी करून सकाळी घरी यायची, कोट काढायची, थेट आंघोळीला जायची आणि मग चहा. आंघोळीआधी चहाचा घोटसुद्धा नाही. एका जानेवारीत बॉयलर बंद पडला तेव्हा तिनं किटलीवर किटली उकळून बादली भरली होती आणि आम्ही सगळे स्वेटर घालून तिच्याकडे बघत बसलो होतो. बाबा गेले त्या दिवशीही तिचा नेम चुकला नाही.

केअर होममध्ये शॉवर मंगळवारी आणि शुक्रवारी. बाकीच्या दिवशी ओल्या फडक्यानं पुसून घेतात. होम वाईट नव्हतं, बायका प्रेमळ होत्या, पण माणसं कमी आणि म्हातारे जास्त, त्यामुळे प्रत्येकाला वार लावून दिलेले. पहिल्या आठवड्यात मी गेले तर आईपुढे चहा गार होऊन पडलेला, वर बशी झाकलेली.

“मी काय म्हैस आहे का गं, वार ठरवून धुवायला?” ती म्हणाली. “मला घरी ने. मला माझी आंघोळ करू दे. बाकी काही नको मला.”

नेते, म्हटलं. लवकर नेते.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. आमच्याकडे रक्ताच्या बाटलीवर नाव नसेल तर ती बाटली तपासायची नसते, टाकून द्यायची असते, मग ते रक्त कोणाचंही असो. सगळं आयुष्य असं काढल्यावर मी बिल्डर कसा शोधला असेल? मी भेटले ते एका यॉर्कशरच्या माणसाला. त्यानं आत येताना बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या. चहाला नको म्हणाला. विम्याचे कागद न मागता दाखवले, कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, बिल्डिंग कंट्रोलला आधी कळवावं लागेल म्हणाला, आणि किचन-डायनिंगमधल्या भिंतीवर मूठ आपटून म्हणाला की ही भिंत वरचा मजला पेलते आहे, इंजिनिअरचा हिशोब येईपर्यंत मी हिला बोट लावणार नाही. हसला एकदाही नाही. मला तो अजिबात आवडला नाही. आवडायची गरजच नव्हती. अडचण एवढीच, की त्याला दिवाळीच्या आधी सुरुवात करता येणार नव्हती.

हे मी धाकट्या भावाला फोनवर सांगितलं. तो केंब्रिजला असतो, सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर. मी दहा वर्षांची असताना आम्ही इथे आलो, तो इथेच जन्मला, त्यामुळे त्याचं मराठी अधूनमधून भेटायला येतं.

“दिवाळी? ताई, आर यू सीरियस? माझा आई तिकडे होममध्ये बसणार दिवाळीपर्यंत? आपला मंडळाचा माणूस आहे ना, मखरवाले. ही कॅन स्टार्ट मंडे.”

मखरवाले म्हणजे आमच्या मंडळाच्या गणपतीचं मखर करणारे गृहस्थ. दर वर्षी शाळेचा भाड्याचा हॉल आणि त्यात यांचा प्लायवुडचा राजवाडा. एकदा कमळ उघडायचं आणि आत बाप्पा दिसायचा. एकदा कारंजं होतं, खरं पाणी उडणारं. लोक लंडनहून बघायला यायचे. एक पैसा न घेता करायचे, हे मान्य. पन्नाशीचा, गोड बोलणारा, सगळ्या बायकांना ताई आणि सगळ्या म्हाताऱ्यांच्या पायाला हात लावणारा माणूस. आईची मोदकांची पातेली गाडीतून हॉलमध्ये हेच आणायचे. म्हणून तो माणूस घर बांधू शकतो, असं आमच्या अख्ख्या मंडळाचं मत होतं. कारण काय, तर मखर किती सुंदर असतं!

आणि बांधायचेही. निदान तसं म्हणायचे. “लंडनकडे, इल्फर्डला, अर्ध्या गल्लीचे लॉफ्ट मी केलेत, ताई. माळ्यावरच्या खोल्या.”

कुठल्या गल्लीचे? विमा आहे का? बिल्डिंग कंट्रोलला कोण कळवणार? मी हे तिन्ही प्रश्न आईच्या डायनिंग रूममध्ये, भावासमोर विचारले. मखरवाल्यांचा चेहरा पडला. भावाचा त्याहून पडला. त्यानं मला किचनमध्ये ओढलं.

“तू पेपर्स कशाला मागते? ही इज लाइक फॅमिली. आईचा पायाला हात लावतो तो. यू डोन्ट आस्क फॅमिली फॉर इन्शुरन्स.”

“फॅमिली भिंत पाडणार असेल तर विचारायचं,” मी म्हटलं.

“एव्हरीथिंग इज अ ब्लड सॅम्पल फॉर यू!”

घर आईचं. शेवटी विचारलं तिलाच. होममध्ये खुर्चीत बसून तिनं दोघांचं ऐकलं आणि म्हणाली, “मखरवाल्यालाच सांगा. आपल्यातला मुलगा आहे. आणि सोमवारी येतोय ना?” त्या ‘सोमवारी’पुढे माझं काही चाललं नाही.

सोमवारी मखरवाले आले. भिंतीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, खोबरं वाटलं आणि मोठा हातोडा घेतला. मी पोहे केले होते. ते तीनदा वाढून घेतले आणि दुपारी गेले ते गुरुवारी उगवले. मग तसंच चालू राहिलं. एक दिवस काम, दोन दिवस दुसऱ्या कोणाचं तरी काम. मी फोन केला की इतक्या आपुलकीनं बोलायचे की ओरडायला जागाच राहू नये. “ताई, आईंची तब्येत कशी आहे? जेवतात ना? तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका.” आपुलकीसारखं दुसरं शस्त्र नाही. परक्या बिल्डरला मी दुसऱ्या दिवशी हाकललं असतं.

यॉर्कशरच्या माणसानं मूठ आपटून दाखवलेली ती भिंत ऑगस्टमध्ये गेली. तिच्या जागी वर एक लाकडी तुळई आडवी घातली. इथे लोखंड लागतं ना, मी विचारलं. “हे इंपोर्टेड लाकूड आहे ताई, लोखंडाच्या तोडीस तोड.” पुढच्या आठवड्यात वरच्या मजल्यावर आईच्या बेडरूमचं दार लागेनासं झालं. त्यावर ते म्हणाले, हवा दमट आहे, लाकूड फुगतं. मी भावाला कळवलं. भाऊ म्हणाला, हवा दमट आहे.

वेट रूमच्या भिंतींसाठी हिरवे बोर्ड आणले होते. पाण्याला टिकणारे असतात ते, रंगावरूनच कळतात. लॅबच्या सवयीनं मी प्रत्येकावर मार्करनं ‘आईची मोरी’ असं लिहून ठेवलं होतं, उगीच दुसऱ्या कामाला जायला नकोत म्हणून. सप्टेंबर आला आणि एके दिवशी बोर्डही दिसेनात आणि मखरवालेही. फोन लागला तेव्हा मागे करवतीचा आवाज येत होता.

“ताई, गणपती तोंडावर आलेत. देवाचं काम आहे. तेवढं झालं की तुमचंच.”

किचनला एका बाजूनं भिंत नव्हती, जमिनीत गटारासाठी खणलेला चर उघडा होता, आणि आई होममध्ये रोज विचारत होती की फरश्या कुठल्या रंगाच्या घेतल्यास.

चतुर्थीला मी हॉलमध्ये गेले. मखर खरंच अप्रतिम होतं, हे लिहिताना माझे दात शिवशिवतात. गुहेतला गणपती होता, वर डोंगर, डोंगरात दिवे. आरती झाली, प्रसाद वाटायला सुरुवात झाली आणि मी प्रसाद घ्यायच्या निमित्तानं मखराच्या मागे गेले. डोंगराची मागची बाजू हिरवी होती. भोकं पाडून दिव्यांच्या वायरी ओवल्या होत्या, आणि एका बोर्डावर माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘आईची मोरी’. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढे येते तर मंडळाचे अध्यक्ष माइकवर मखरवाल्यांना शाल पांघरत होते. आपले विश्वकर्मा, म्हणत होते. टाळ्या चालल्या होत्या.

“अहो,” मी मोठ्यानं म्हटलं, “माझ्या आईच्या बाथरूमची भिंत बाप्पाच्या पाठीमागे काय करते आहे?”

टाळ्या थांबल्या. मखरवाल्यांनी हात जोडले, शाल एका खांद्यावरून घसरली. “ताई, विसर्जन झालं की लगेच परत लावतो. देवासाठी चार दिवस वापरले, त्यात काय?”

“देवाला मोरीची घाई नाहीये. माझ्या आईला आहे.”

मग अध्यक्षांच्या सौ. माझा दंड धरून कानात म्हणाल्या, “देवासमोर असं बोलू नये हो.” चोरी देवासमोर चालते, बोलायचं मात्र देवासमोर नाही. मी त्यांचा हात झटकला आणि मोदक न घेता घरी गेले. त्या दिवसापासून मंडळात मी वेडी ठरले, अजून आहे.

विसर्जनानंतर मखरवाले परत आले खरे, चेहऱ्यावर अपमान घेऊन. भोकं पडलेले ते बोर्ड तसेच भिंतीला ठोकले आणि वर टाइल्स चिकटवल्या. पाण्याला टिकणारे बोर्ड, चाळणीसारखे. मी बोट दाखवलं तर म्हणाले, टाइलनं सगळं झाकलं जातं, ताई. आणि ऑक्टोबरमध्ये त्यांनी जाहीर केलं की काम झालं. भाऊ केंब्रिजहून पेढे घेऊन आला. मखरवाल्यांनी पुन्हा नारळ आणला होता.

मी बादली आणली. भरली आणि जमिनीवर ओतली.

पाणी जाळीकडे गेलंच नाही. जरा वेळ जागच्या जागी थबकलं आणि मग दाराकडे निघालं, दारातून बाहेर, आईच्या नव्या बेडरूमच्या नव्या कार्पेटवर. पलंगाच्या पायापर्यंत गेलं. पेढ्यांचा डबा धरून भाऊ उडी मारून बाजूला झाला.

“ताई, एवढं पाणी एकदम कोण ओततं?” मखरवाले म्हणाले. “शॉवरला हळूहळू येतं. आणि एक वायपर ठेवा. मी देतो, माझ्याकडून भेट.”

खुबा मोडलेल्या बाईनं उभं राहून वायपर मारायचा! मी त्यांना घराबाहेर जायला सांगितलं. नारळही घेऊन जा म्हटलं.

सोमवारी मी कौन्सिलला फोन केला. बिल्डिंग कंट्रोलची एक बाई टॉर्च घेऊन आली. मोरीकडे तिनं नंतर बघितलं, आधी ती लाकडी तुळईखाली उभी राहून बराच वेळ वर बघत राहिली. मग वर जाऊन न लागणारं दार बघितलं, त्यावरची भेग बघितली, आणि खाली येऊन म्हणाली की आजच्या आज इथे लोखंडी टेकू लावा आणि हे दुरुस्त होईपर्यंत घरात कोणी राहायचं नाही. मखरवाल्यांचा फोन त्या दिवसापासून बंद. इल्फर्डला गेले, असं कोणी म्हणालं.

“यू कॉल्ड द कौन्सिल?” भाऊ ओरडला. “आपल्या माणसावर?”

“आपली आई कोण आहे?” मी विचारलं. त्यानं फोन ठेवला. आमचं बोलणं पुढे बरेच दिवस कामापुरतंच होतं.

मी पुन्हा यॉर्कशरच्या माणसाला फोन केला. आता त्याची दिवाळीची तारीख दुसऱ्या कोणाला गेलेली. फेब्रुवारीत येतो म्हणाला. बघायला आला तेव्हा पुन्हा बुटांवर पिशव्या, पुन्हा चहा नको. तुळईकडे बघून त्यानं विचारलं, “हे कोणी केलं?” मखर इंग्रजीत कसं सांगायचं ते मला सुचेना. देवाची आरास करणारा माणूस, असं काहीतरी म्हटलं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि टेप काढून मोजायला लागला.

थंडीभर मी होममध्ये जात राहिले. आधी आई रोज विचारायची, झालं का? मग एक दिवसाआड. ख्रिसमसच्या सुमाराला तिनं विचारणं सोडलं. फरश्यांचा रंग नाही, दिवस नाही, काही नाही. इथली बिस्किटं बरी असतात, म्हणाली. शेजारच्या खुर्चीतल्या बाईशी तिची मैत्री झाली होती, दोघी टीव्हीवर घरांच्या खरेदी-विक्रीचा कार्यक्रम बघायच्या. रागावणं थांबलं म्हणून नर्सबाई मला म्हणाल्या, शी इज मच मोअर सेटल्ड नाऊ. मलाही तेव्हा ते चांगलंच वाटलं होतं.

फेब्रुवारीत यॉर्कशरच्या माणसानं सगळं उखडलं. लोखंडी तुळई आली, तिचा इंजिनिअरचा हिशोब आला, कौन्सिलची बाई मधे मधे येऊन बघून गेली. वरचं दार लागायला लागलं, हवा तितकीच दमट होती. मोरीची जमीन त्यानं दोनदा केली, पहिल्यांदा झाली ती त्यालाच पसंत पडली नाही. मी बादली ओतली. पाणी सुतासारखं सरळ जाळीत गेलं. कौन्सिलचा शेवटचा दाखला हातात आला तेव्हा मी लॅबच्या कॅन्टीनमध्ये बसून रडले. आनंदानं नाही, रागानं.

एप्रिलमधल्या एका बुधवारी आईला घरी आणलं. भाऊ आला होता, त्यानंच खुर्ची ढकलली. आई नव्या खोलीकडे पाहुण्यासारखी बघत होती. छान आहे हो, म्हणाली. रात्री मी तिच्या शेजारी झोपले.

सकाळी मी लवकर उठले. मोरीतला हीटर लावला. तिचा तांब्या घासून ठेवला, टॉवेल रेडिएटरवर गरम केला, चंदनाचा साबण नवा काढला. शॉवर सुरू करून पाणी हाताला बघितलं, तिला आवडतं तसं कढत. मग खुर्ची पलंगाजवळ आणली.

“चल आई, आंघोळ.”

ती तशीच उशीला टेकून बसली होती. “आज वार कोणता?”

“गुरुवार.”

“मग काय?” ती म्हणाली. “माझी आंघोळ उद्या.”

“आई, हे आपलं घर आहे. इथे रोज आंघोळ. ही तुझी मोरी आहे, बघ ना, तुझ्यासाठी केलीय.”

तिनं मोरीच्या उघड्या दाराकडे, वाफेकडे बघितलं, मग माझ्याकडे. राग नव्हता. होममध्ये कामाला नव्या आलेल्या पोरीला समजावून सांगावं तसं ती म्हणाली, “नको गं. कशाला तुम्हा लोकांना उगाच त्रास? मंगळवार-शुक्रवार ठरलेलं आहे माझं. चहा आण तेवढा. दूध जास्त घाल.”

भाऊ दारात उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. पाणी चालूच होतं, सगळंच्या सगळं जाळीत जात होतं, थेंबही दाराकडे येत नव्हता. मी आत जाऊन शॉवर बंद केला आणि तिथेच उभी राहून त्या मखरवाल्याला मला येतील तेवढ्या शिव्या दिल्या, मराठीत, मोठ्यानं. मग चहा केला. आईनं तो बशीत ओतला, फुंकर घातली आणि पारोशानंच सावकाश प्यायला.